शनवाऱ्यात अमेरिकेचा नियम

३ नोव्हेंबर, सकाळी ६
वहीची माफी मागतो. दिवाळीपासून एक ओळ लिहिली नाही. कारण काळजी. आमच्या शनवारा मोहल्ल्यातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळाचा मी चौदा वर्षं अध्यक्ष, आणि आता गिरधरला अध्यक्ष व्हायचंय. आधी दोनदा होऊन गेलाय. हाव किती असावी!
संकल्प: शांत राहणे. बीपी मोजायचं नाही.

दुपारी १
बीपी मोजलं. वाढलंय.

५ नोव्हेंबर
उपाय सापडला! नात स्नेहल अमेरिकेत असते. फोनवर म्हणाली, तिकडे राष्ट्राध्यक्ष दोनदाच निवडून येऊ शकतो, तिसऱ्यांदा बंद. मी आठवी पास, पण कायदा लगेच कळला. गिरधर दोनदा झाला, गिरधर बाद.
कमल म्हणाली, अहो, मग तुमचं काय? तिला राजकारण कळत नाही. मी कधी निवडून आलोच नाही. गिरधर मोतीबिंदूच्या ऑपरेशनला इंदूरला गेला, तेव्हा चार दिवसांसाठी खुर्चीवर बसलो, तो बसलोच. म्हणजे माझ्या दोन्ही टर्म शिल्लक. तिकडच्या हिशेबाने आठ वर्षं! तब्येत सांभाळायला हवी. उद्यापासून पहाटे फिरणे.

६ नोव्हेंबर
थंडी. फिरणे सोमवारपासून.

९ नोव्हेंबर
मंडळाच्या बैठकीत अमेरिकेचा नियम लागू करण्याचा ठराव मांडला. भाषण उत्तम झालं. सभासद मालूबाईंनी मध्येच विचारलं, तिकडे आपल्यासारखी केळी होतात का हो? दुर्लक्ष केलं. ठराव पास. सर्वांत आधी हात गिरधरनेच वर केला, तोही हसत. बिचाऱ्याला काही समजलंच नाही.

१६ नोव्हेंबर, रात्री
निवडणूक. गिरधर उठून म्हणाला, मी बाद, कबूल. पण दत्तूभाऊ, तुमची कितवी टर्म? मी ताठ मानेने सांगितलं, शून्य.
सेक्रेटरी ललितने सभांच्या नोंदींचं प्रोसिडिंग बुक उघडलं. वार्षिक सभा कधी होत नाही, पण सरकारी ऑफिसात कागद द्यावा लागतो, म्हणून दर वर्षी मीच घरी बसून त्यात सभा झाली असं लिहितो. सगळीच मंडळं लिहितात. त्यात एक वाक्य ठरलेलं असतं. ललितने ते मोठ्याने वाचलं: 'श्री. दत्तात्रय यांची अध्यक्षपदी सर्वानुमते फेरनिवड.' चौदा वेळा वाचलं. अक्षर माझंच. मी म्हणालो, ते नुसतं लिहायचं असतं. गिरधर म्हणाला, भाऊ, रेकॉर्ड तो रेकॉर्ड होता है! सगळे हसले. खोटं लिहिलं म्हणावं तर मी लबाड, खरं म्हणावं तर मी बाद.
मालूबाई पाणी प्यायला बाहेर गेल्या होत्या. परत आल्या तेव्हा त्या अध्यक्ष झाल्या होत्या. बिनविरोध.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळी ५
खरं तर पद मीच सोडलं. लोकशाहीसाठी. बीपी नॉर्मल असणार, मोजत नाही.
मंडळाची रोजची वेळ पाच ते सात. सवयीने चपला घातल्या. कमल म्हणाली, जा की, सभासद तर आहातच. पण सभासद कुठे बसतात, ते मी चौदा वर्षांत नीट पाहिलंच नाही. चपला काढल्या.
स्नेहलला मेसेज केला: बाळा, तिकडचे माजी अध्यक्ष संध्याकाळी पाच ते सात काय करतात? कुणाला तरी विचारून लवकर कळव. आजच कळलं तर बरं.