माझा अँप आणि दशांशाचा

४ फेब्रुवारी
दशांशाने आज पुन्हा कागद नाचवला. ०.०००८ टक्के! तेही जेवणाच्या सुट्टीत, मी डबा उघडायच्या आत. अँप्लिफायर, म्हणजे आमचा अँप, आवाजात किती खोट मिसळतो त्याचा हा आकडा. या माणसाला मी आठ वर्षांत एकदाही गाणं ऐकताना पाहिलेलं नाही. म्हणून त्याचं नाव दशांश.

तो फीडबॅकवर फीडबॅक लावतो, म्हणजे बाहेर आलेला सिग्नल परत आत फिरवून चुका पुसत राहतो, आवाजाला इस्त्री करतो आणि त्याला शुद्धता म्हणतो. माझ्या अँपमध्ये फीडबॅक नाही. सिग्नल आत गेला की सरळ बाहेर. तापतो – वरती हात ठेवता येत नाही. पण गाणारीने घेतलेला श्वास ऐकू येतो. दशांशाच्या अँपमधून फक्त दशांश ऐकू येतो.

६ फेब्रुवारी
मालकांचा फतवा: यंदा एकच मॉडेल निघणार. त्याचं नाहीतर माझं. त्यांना स्वतःला दोन्ही सारखेच वाटतात. तसं सांगतातही, लाज नाही. जन्मभर अँप विकले आणि कान कोरे ते कोरेच. मला विचारलं काय, तर पुढे निळा दिवा बसेल का.

बावीस वर्षं मी इथे दुसऱ्यांचे अँप सुधारतेय. हा पहिला पूर्ण माझा.

९ फेब्रुवारी
ऐकून निवाडा कोण करणार यावर तासभर चर्वण. मालकांनी मेहुण्याचं नाव काढलं – तो मोबाइल पेल्यात ठेवून गाणी ऐकतो! शेवटी मी आईचं नाव सुचवलं. काचबिंदूने तिची नजर जाऊन बरीच वर्षं झाली. दारात कोण आलंय ते ती चपलेवरून सांगते.

दशांश म्हणाला, "मॅडम, मग रेकॉर्डिंग तुमच्याच आवाजाचं करू. त्यांना तोच सगळ्यात ओळखीचा. आणि वाचून दाखवू नका, रोजचं बोलणं घ्या."

कधी नव्हे ते डोकं चाललं. स्वतःचाच खड्डा खणतोय बिचारा.

१२ फेब्रुवारी
सकाळभर स्वयंपाकघरात माइक चालू ठेवला. पाच मिनिटांत विसरलेसुद्धा. आईशी नेहमीचंच, विशेष काही नाही. गोळी घेतलीस का, टॉवेल तिथेच आहे, अगं किती वेळा सांगू, सरक जरा.

मालकांना वाटलं होतं मी एखादी कविता म्हणेन.

१५ फेब्रुवारी
दोघे घरी आले. दशांशाच्या हातात मीटर. दोन्ही अँपचा आवाज अगदी सारखा मोठा हवा म्हणून अर्धा तास खुडबुड. लग्नाला आल्यासारखा कडक शर्ट. मालक आईच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसून सारखे घड्याळ बघत होते.

आधी माझा लावला. काय आवाज! मीच, पण भरलेली, मऊ. मग त्याचा. कोरडा, टोकदार. मी मनात हसले.

आईने दोन्ही पुन्हा लावायला सांगितले. मग म्हणाली, "दुसरी खरी."

मालक म्हणाले, "आजी, घाई नाही. नीट ऐका."

"नीटच ऐकलं. पहिलीचा आवाज गोड आहे. पण 'किती वेळा सांगू' म्हणताना ती चिडलेलीच नाही. दुसरी चिडलीय. कंटाळलीय. ही माझ्याशी रोज अशीच बोलते."

तक्रारीचा सूर नव्हता. कोण आलंय ते सांगते ना, तसंच सांगितलं.

दशांश वायरी गुंडाळू लागला. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं – मला काहीतरी बोलता आलं असतं. निघताना मालक एवढंच म्हणाले, "ठरलं मग."

१६ फेब्रुवारी
सुट्टी काढली. दोन्ही अँप अजून घरीच होते. आई वाकळेत झोपली होती तेव्हा दुसऱ्या खोलीत त्याच्या अँपवर ते बोलणं पुन्हा लावलं. हेडफोन लावून, पाच वेळा.

'सरक जरा.' दशांशाशी बोलते तोच आवाज. मालकांबद्दल बोलते तोच. मला वाटायचं तो आवाज कंपनीतच राहतो.

१७ फेब्रुवारी
त्याच्या आराखड्यावर सही केली. एक रेझिस्टर तापेल असं वाटलं, ते सांगितलं. "हो मॅडम, बदलतो," म्हणाला.

१९ फेब्रुवारी
आईने विचारलं, "तुझा तो तापणारा अँप आज परत नेणार का?"

म्हटलं, हो, आता काय ठेवायचंय.

"राहू दे इथेच. ते बोलणंही राहू दे. तू कामावर गेलीस की लावता येईल असं काहीतरी कर. त्यातली तू मला फार आवडलीस."