तळ्याकाठच्या घराची निरवानिरव

सुरुवातीलाच नोंदवतो की या कागदावरचे अक्षर हलले आहे ते टेबलामुळे. त्याचा एक पाय आखूड आहे. त्याखाली अकरा वर्षे गृहप्रकल्पाची माहितीपुस्तिका घडी करून ठेवली होती. ती आज संदर्भासाठी काढावी लागली. माणसाला आपल्या पश्चातची व्यवस्थासुद्धा न डुगडुगता लावता येऊ नये, याचा जाहीर निषेध. बाकी वय चोपन्न, धंदा जाहिराती लिहिण्याचा, डोके ठिकाणावर. दबाव कोणाचा नाही. दबावाखाली एकदाच सही केली, हे घर घेताना. आणि तो दबाव माझाच होता.

१. पुस्तिकेतले “सकाळी डोळे उघडाल ते थेट पाण्यावर” हे वाक्य माझे. बिल्डरने ते वाचून मान डोलावली, मी वाचून घर घेतले. दुसऱ्यांसाठी शिवलेली टोपी आपल्याच डोक्याला इतकी चपखल बसेल असे वाटले नव्हते. पत्नीने विचारले होते, “अहो, हे तुम्हीच लिहिलंय ना?”
“म्हणून तर खात्री आहे!”
तिचा शिवणवर्ग चालायचा त्या शहरातल्या दोन खोल्या विकल्या. पहिल्याच उन्हाळ्यात तळे आटले. पुढे बिल्डरने त्यात भराव टाकून आणखी तीन इमारती उठवल्या. उरलेले पाणी आमच्या न्हाणीघराच्या खिडकीतून, स्टुलावर चढल्यास, दिसते. पत्नी आजवर चढलेली नाही.
घर सर्वस्वी तिचे. तिने ते विकून शहरात शिवणयंत्रांपुरती तरी जागा घ्यावी. विक्रीची जाहिरात आमच्या घराण्यातल्या कोणीही लिहू नये.

२. मेव्हण्याने भेट दिलेला मासे धरायचा गळ त्याला परत. “भावोजी, दर रविवारी येतो हं!” म्हणाला होता. एकदा आला, गॅलरीतून भराव पाहिला, पोट धरून हसला, जेवून गेला.

३. कलम १ मधले पुस्तिकेचे वाक्य बिल्डरला कायमचे बहाल. सध्या तो नाल्याला नदी म्हणून विकत आहे, तिथे चालेल.

४. तळमजल्यावरच्या निवृत्त नर्सबाई. नोंदणीच्या दिवशी रांगेत त्यांनी मला विचारले होते, “उन्हाळ्यातही असतं ना हो पाणी?” मी म्हणालो, “असतं की!” त्या भरवशावर त्यांनी जन्माची पुंजी ओतली. त्यांना काहीतरी ठेवायचे होते. पण वकील म्हणतात, साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. आणि लिफ्ट बंद असताना तीन जिने चढून साक्षीला दुसरे कोण येणार? म्हणून हे कलम रिकामे.

बाई आल्या आहेत. दम खाऊन बसल्यावर त्यांना सांगितले, “त्या दिवशी ‘असतं की’ म्हणालो खरा, पण उन्हाळ्यात मी इथं कधी फिरकलोच नव्हतो.”
“ते कळलं होतं, पहिल्याच एप्रिलात,” बाई म्हणाल्या. “तुम्ही सांगताय कधी, तेवढंच बघत होते. सही कुठं करू?”

पुस्तिका पुन्हा घडी करून पायाखाली सरकवतो आहे. त्यांची सही तरी सरळ यावी.

ठिकाण: तिसरा मजला, पुस्तिकेनुसार तळ्यासमोर
दिनांक: अकराव्या उन्हाळ्यातला पहिला सोमवार
लिहून ठेवणार: (सही, हललेली)
साक्षीदार: १. लिफ्ट दुरुस्तीला आलेले मेकॅनिक (सही)
२. नर्सबाई, तळमजला (सही)