पालथं पडून ऐकायच्या गोष्टी

प्रिय वहिनी,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी चमकली असशील आणि मग पाकीट तसंच टेबलावर टाकून चहा करायला गेली असशील. मीही तेच केलं असतं. हातात फोन असताना हिला पत्र लिहायचं कुठून सुचलं, असं वाटेल तुला. कारण सोपं आहे. दिवसभर मी फोन कंपनीच्या तक्रार विभागात लोकांची बोलणी खाते आणि त्यांच्याशी गोड बोलते. हल्ली घरीसुद्धा फोन कानाला लावला की तोच गोड आवाज निघतो. त्या आवाजात तुझ्याशी बोलायचं नव्हतं. शिवाय तू मध्येच काहीतरी गंमत केली असतीस, मी हसले असते आणि सांगायचं ते राहून गेलं असतं. तुझं हे नेहमीचंच आहे.

आधी आईचं सांगते. डावा डोळा केव्हाच गेला, हे तुला माहीत आहे. आता उजव्याच्या पडद्याला बरोबर मधोमध बारीकसं भोक पडलंय. कडेचं सगळं तिला दिसतं, मधलं दिसत नाही. समोरच्या माणसाचे कान दिसतात, खांदे दिसतात, तोंडाच्या जागी नुसता धुरकट डाग. परवा म्हणाली, "तू कानात नवीन घातलंयस वाटतं." घातलं होतं खरं. पण आपल्या आईला आपल्या कानातलं दिसावं आणि तोंड दिसू नये, याने मला फार वाईट वाटलं. डॉक्टरीणबाई भली आहे. म्हणते, शस्त्रक्रिया करू, डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडू, तो आतून पडद्याला दाबून धरेल आणि भोक बुजेल. फक्त त्यासाठी नंतर आठवडाभर आईने पालथं पडून राहायचं. जेवताना, बसताना, झोपताना, कायम तोंड जमिनीकडे. मान वर केली की बुडबुडा जागेवरून हलणार. अर्धं काम माझं, अर्धं तुमचं, असं ती आईला म्हणाली. आई "हो हो" म्हणाली, आणि तेवढ्यात खिडकीबाहेर कसला आवाज झाला ते बघायला उठलीसुद्धा.

अशा बाईला तू तासन् तास एका खुर्चीत बसवून ठेवायचीस. पेपर वाचता येईनासा झाल्यावर तिच्या फोनवर तुझे ते रोजचे निरोप यायला लागले. ऑफिसातून घरी चालत जाताना तू बोलायचीस, मागे गाड्यांचे आवाज, मध्येच "थांबा हं आई, रस्ता ओलांडते." पेपरात आज काय आलंय, उद्घाटनाच्या दिवशीच बंद पडलेला सरकता जिना, चुकीच्या गाडीत बसून तू पोचलीस ते समुद्राकाठचं गाव, तिथल्या हॉटेलवाल्याने तुला सरकारी तपासनीस समजून दिलेली मोठी खोली. आणि तुमच्या घरातलं ते फरशी पुसणारं यंत्र. आई त्याला जावई म्हणायची. घरभर हिंडतो, पलंगाखाली जाऊन अडकतो आणि मग सगळ्यांना हाका मारतो म्हणून. ती तुला "माझा रेडिओ" म्हणायची. कोणी शेजारीण आली आणि तुझा निरोप वाजला की शेजारणीला सरळ सांगायची, बस जरा, माझा रेडिओ लागलाय.

मला तुझा हेवा वाटायचा, वहिनी. साधासुधा नाही, नुसता जळफळाट. डोळ्यात थेंब मी घालायचे, गोळ्या मी द्यायचे, नखं मी कापायचे, आणि ती हसायची ते तुझ्या नावाने. दमूनभागून घरी यावं तर दारातूनच तिचं हसणं ऐकू यायचं. मी आत गेले की डोळे पुसत म्हणायची, "काही नाही गं, तुला नाही कळायचं." मला का नाही कळायचं? विनोद कळायला काय शिंगं लागतात? मी निमूट तिच्या पायाला तेल लावायला बसायचे आणि जरा जास्तच जोरात चोळायचे.

तो बेपत्ता पोस्टमास्तरचा सिनेमा आठवतो? तू तो रोज थोडा थोडा सांगत होतीस आणि ऐन रंगात आला की "घर आलं, बाकीचं उद्या" म्हणून थांबायचीस. आईला जेवण गोड लागेना. मी रजा काढली, एकटीने जाऊन तो सिनेमा बघितला आणि त्याच संध्याकाळी तिला शेवट सांगून टाकला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "हा दुसराच असणार. आपल्यातला पोस्टमास्तर असं करायचा नाही." आपल्यातला! दुसऱ्या दिवशी तू तोच शेवट सांगितलास आणि ती बराच वेळ रडली. मला म्हणाली, बघ, असा होता.

मग दादाचा फोन आला. तुमचं काय बिनसलं ते मी विचारणार नाही. दादा जेवढं सांगतो त्याच्या निम्मं खरं धरायचं, हे मी लहानपणापासून जाणते. वकील गाठलाय, तू घर सोडलंयस, आता तिच्याशी आपला संबंध नाही, असं तो म्हणाला. "आपला" म्हणजे आमचा सगळ्यांचा, हे त्याने परस्पर ठरवलं. त्या दिवसापासून तुझे निरोप थांबले. तुझं बरोबरच होतं, मीही तुझ्या जागी असते तर थांबले असते. पण खरं सांगते, सुरुवातीला मला बरं वाटलं. म्हटलं, आता आई माझी.

मी कामाला लागले. स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं आणि दिवसभरातल्या गमती फोनवर बोलून बाहेर बसलेल्या आईला पाठवल्या. आमच्याकडे गमतींना तोटा नाही. एक आजोबा रोज फोन करून तक्रार करतात की त्यांना कोणाचाच फोन येत नाही, म्हणजे लाइन नक्की बिघडलेली असणार. चांगली गोष्ट होती. मी कान देऊन दाराशी उभी राहिले. थोड्या वेळाने आईने हाक मारली, "अगं, इकडे ये, ही कोणी कंपनीची बाई मागे लागलीय, बंद कर तिला." वहिनी, त्या कंपनीच्या आवाजात तिने मला ओळखलंच नाही. बोलायचं बटण दाबल्याबरोबर माझ्या तोंडून "नमस्कार, आपला दिवस शुभ असो" बाहेर पडलं होतं. मी तो निरोप पुसून टाकला आणि तिला म्हटलं, केली बंद.

गेल्या रविवारी आम्ही पालथं पडायची रंगीत तालीम केली. टॉवेलची गुंडाळी कपाळाखाली, उशी छातीखाली, सगळं डॉक्टरीणबाईने दाखवलं तसं. मी पेपर वाचायला घेतला. पहिलं पान संपायच्या आत मान वर. "तू बातम्या वाचतेयस की तक्रार लिहून घेतेयस?" मग गाणी लावली, मग फोनमधल्या त्या वाचून दाखवणाऱ्या बाईकडून गोष्ट वाचून घेतली. आई म्हणाली, ही तर तुझीच बहीण. शेवटी हरले आणि तुझे जुने निरोप लावले. तशी गप्प पडून राहिली. पण ते तिचे पाठ झालेत. तुझ्याआधी तीच पुढचं वाक्य म्हणते, आणि हशा यायच्या आधीच मान वर करून माझ्याकडे बघते, मला कळलं का ते बघायला. जुन्या मालावर आठवडा निघणार नाही, हे तिलाही कळलं आणि मलाही.

मी म्हटलं, वहिनीला सांगू का? तर टॉवेलात तोंड खुपसूनच म्हणाली, "नाही हं. सासू होते तोवर हक्क होता. आता कुठल्या नात्याने मागू? पोरीला आधीच काय कमी ताप आहे." आणि मग फोन चार्जिंगला लावला की नाही ते विचारलं. रोज विचारते. निरोप येत नाही, तरी फोन भरलेला हवा.

आता मनातलं सगळ्यात वाईट सांगते. तू गेलीस याचाही मला हेवा वाटतो. तुझी नवी खोली कशी आहे, खिडकीतून काय दिसतं, संध्याकाळी परत येताना घरी कोणी वाट बघत नसतं ते कसं वाटतं, याचा मी बसमध्ये बसून विचार करते. तुला निघता आलं. मला असं निघता येईल का, हे कधी कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. तरी विचारायला हवं होतं. आणि इतकं करून, तू निघून गेल्यावरसुद्धा, तिला ऐकायचं आहे ते तुलाच.

म्हणून हे पत्र. आईला न सांगता लिहिलंय, दादाला न विचारता. शस्त्रक्रिया या महिन्याच्या अखेरीस आहे. त्या आठवड्यात तू पुन्हा बोलशील का? नवीन काहीतरी, लांबलचक, ऐन रंगात आलं की थांबायचं ते तुझ्या जुन्या सवयीने. दादाचं बोलू नकोस, तुझ्या दुःखाचं बोलायचं असेल तर बोल, ती ऐकेल. मी सांगितलं म्हणून पाठवतेस, हे मात्र तिला कळू देऊ नकोस. तुला आपणहून आठवण आली असंच तिला वाटू दे. तिची मान धरून मी शेजारी बसलेली असेन. तू हसवशील तेव्हा ती उसळेल, मी तिचं डोकं दोन्ही हातांनी खाली दाबून ठेवीन, आणि मला तुझा भयंकर राग येईल. तरी पाठव. तो बुडबुडा विरला की तिला माझं तोंड दिसणार आहे.

अजूनही तुझीच,
नणंद