सात दिवसांचं पीठ

६ डिसेंबर, शनिवार

यादी हरवली! सकाळी केलेली, तीन पानांची. झारखंडात शिखरजीच्या डोंगरावर जायचंय, त्या प्रवासाला काय काय घ्यायचं त्याची. ती शोधताना श्रेयांसचे मोजे सापडले. पाटलीणबाईंचा ब्लाउज सापडला, मंगळवारी द्यायचा होता तो! मग त्याला हुक लावत बसले. तासाभरानं आठवलं, अगं, तू यादी शोधत होतीस!

यादी मेथीच्या पिशवीत निघाली. चिखल लागलेली.

म्हणून आजपासून ही वही. वही हरवली तर देवच वाली.

८ डिसेंबर, सोमवार

बेळगावच्या डॉक्टरीणबाई म्हणालेल्या, डोक्यात काही ठेवू नका, कागदावर ठेवा. खरं तर श्रेयांसला दाखवायला गेलो होतो. शाळेतनं चिठ्ठी आलेली, नववं वर्ष लागलं तरी वर्गात एका जागी बसत नाही म्हणून. त्यांनी त्याला तपासलं, मग मला विचारलं, 'तुमचं लहानपण कसं होतं?' मी बोलत सुटले. थांबले तेव्हा बघते तर त्यांच्या टेबलावरच्या सगळ्या क्लिपा एकमेकींत अडकवून मी हातभर माळ केलेली! मायलेकरांचं एकच निघालं. एडीएचडी.

अडतिसाव्या वर्षी कळलं की मी आळशी नाही. गाडीत रडले. श्रेयांस म्हणाला, 'आई, म्हणजे आपण दोघं एका टीममधी?'

आमच्या ह्यांना, श्रीपालना, घरी आल्यावर सांगितलं. म्हणाले, 'आता इसराळूपणालाबी इंग्रजी नाव मिळालं व्हय!' सासूबाईंना सांगितलेलंच नाही. त्यांना आणखी काय सांगायचं?

दोन वर्षांपूर्वी याच प्रवासाला निघालो होतो. तिकिटं माझ्याकडं. सगळा बारदाना घेऊन पहाटे कोल्हापूर स्टेशनात पोचलो, तर गाडी आदल्या पहाटेच गेलेली! मी वार चुकलेले. आठवड्यातनं एकदाच जाणारी गाडी. सासूबाई बाकावर बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा त्या जिना चढत होत्या. आता एकाहत्तर वय, गुडघे कुरकुरतात. डॉक्टरांनी सांगितलंय, डोंगर चढायचा तर हीच थंडी. पुढची नाही.

१० डिसेंबर, बुधवार

श्रीपालनी ठरवलेलं, यावेळी तयारी संकेश्वरच्या नणंदबाई करतील. चहाची बशी पुसत सासूबाई म्हणाल्या, 'न्हाय. निशाच करंल.'

एवढंच. मी आत जाऊन उगाचच डबे खाली-वर केले. आनंद झाला की धास्ती बसली, काय कळेना.

श्रीपाल नंतर हळूच म्हणाले, 'आईचा हा शेवटचा चान्स हाय. एवढं ध्यानात ठेव.' जसं काही मी ते विसरणार होते!

१२ डिसेंबर, शुक्रवार

तिकिटं पाच वेळा बघितली. २६ डिसेंबर, शुक्रवार, पहाट. श्रेयांसकडनं मोठ्यानं वाचून घेतलं. प्रियदर्शनीकडनं वाचून घेतलं. ती तेरा वर्षांची शहाणी म्हणते, 'आई, तारीख बदलत न्हाय गं सारखी बघून.'

१५ डिसेंबर, सोमवार

आज माझ्या अंगात कोण आलं होतं!

सकाळी सासूबाई जैन बस्तीत, आमच्या मंदिरात, दर्शनाला गेल्या आणि मी सुटलेच. चार बॅगा माळ्यावरनं काढल्या. श्रीपालची धोतरं धुऊन वाळत घातली. औषधं, टॉर्च, काठी, लोकरीचे मोजे. आणि सासूबाईंचं पीठसुद्धा! त्या व्रती, बाहेरचं काही खात नाहीत. धर्मशाळेत त्यांची भाकरी-पोळी आम्हीच करणार, घरच्या पिठाची. गहू नेहमीसारखे निवडून ठेवलेलेच होते. घरघंटी झाडूनपुसून चार किलो दळले, डबा भरला, वर कागद चिकटवून मोठ्या अक्षरात तारीख टाकली: १५.

निघायला अकरा दिवस आहेत आणि माझं पीठ तयार! एरवी बस सुटताना चप्पल शोधणारी मी!

श्रीपालना दाखवायची होती सगळी तयारी, पण ते दुकानातनं उशिरा आले आणि मी तोवर ते दाखवायचंच विसरले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सगळं वेळेत चाललंय. मला भीती वाटायला लागलीय.

२१ डिसेंबर, रविवार

करायचं होतं: बॅगा भरणे.
केलं काय: प्रत्येकाच्या नावाच्या दोन-दोन, तीन-तीन कापडी पिशव्या शिवल्या. एकूण तेरा. दोऱ्यानं नावंबी भरली. सकाळी आठला मशीनवर बसले, मान वर केली तेव्हा तीन वाजलेले. पोरांनी आपापलं चुरमुरे-फरसाण खाल्लेलं. सासूबाईंनी दारातनं बघितलं, पिशवी हातात घेतली, भरलेल्या नावावरनं बोट फिरवलं. 'लई छान,' म्हणाल्या. मग म्हणाल्या, 'आता ह्यात घालायचं काय ते बघ.'

बॅगा रिकाम्या आहेत. डोकं भणभणतंय. एडीएचडीची गोळी घेतली का सकाळी? आठवत नाही. दुसरी घ्यायची नाही असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. म्हणून नाही घेतली.

२३ डिसेंबर, मंगळवार

बॅगा भरल्या! मग चार्जर काढायला एक उघडली आणि सगळी उपसली. परत भरल्या. चार्जर भिंतीलाच होता.

२४ डिसेंबर, बुधवार

मी खोटं बोलले.

सकाळी अकराची गोष्ट. सासूबाई विचारत होत्या, 'निशा, पीठ कवा दळायचं गं?' मी ऐटीत, 'झालंबी आत्या!'

'कवा दळलंस?'

आणि तोंड उघडता उघडता माझ्या डोक्यात वीज पडली. थंडीत दळलेलं पीठ सात दिवस चालतं. त्यानंतर व्रती माणसाला चालत नाही. मर्यादा संपली. चौदा वर्षं झाली या घरात येऊन, मला हे पाठ आहे! श्रेयांसलासुद्धा पाठ आहे! पंधराला दळलेलं बावीसलाच संपलं. म्हणून तर हे काम यादीत सगळ्यात शेवटी लिहिलं होतं, गुरुवारी, निघायच्या आदल्या दिवशी. पण मला सगळं लवकर करून दाखवायचं होतं ना!

'काल, आत्या,' म्हणाले मी.

त्या म्हणाल्या, 'बरं झालं.' आणि जप करायला बसल्या.

मोतीबिंदूमुळं त्यांना डब्यावरची तारीख दिसणार नाही. कुणालाच कळणार नाही. पिठाला वास नाही, कीड नाही. आम्ही घरात महिनाभराचंबी खातो की!

पण त्या खात नाहीत. चौदा वर्षांत त्यांनी हा नेम एकदाही मोडलेला बघितला नाही. आणि खोटं? कुणी नकोसं दारात आलं तर 'घरात न्हाय म्हणून सांगा' एवढंही आम्हाला म्हणू देत नाहीत. या बाईला मी शिखरजीवर तसलं पीठ खायला घालू? आणि नाही म्हणावं तर पाच दिवस फळांवर राहतील त्या. डोंगर कसा चढतील? परत तेच बाक, परत तसंच गप्प बसणं, तेही माझ्याचमुळं!

नवे गहू दळायचे तर निवडलेले शिल्लक नाहीत. पोत्यातले निवडायचे म्हणजे अर्धा दिवस. चोरून करावं तर कुठं? गच्चीवर गेले, खाली आले. परत गेले. भाजी करपली.

२५ डिसेंबर, गुरुवार

सांगितलं.

बस्तीतनं आल्या तशी दारातच सांगून टाकलं, त्यांनी चपला काढायच्या आत. 'आत्या, पीठ काल दळलेलं न्हाय. पंधराला दळलंय. मी खोटं बोलले.' मग बांध फुटला. डॉक्टर, गोळ्या, एडीएचडी, दोन वर्षांपूर्वीचा वार, सगळं एका दमात. मधे श्वासबी घेतला नसेल. रडत होते की बोलत होते कुणास ठाऊक.

त्या उंबऱ्यावर बसल्या. मला वाटलं, संपलं.

मग म्हणाल्या, 'ते इंग्रजी काय ते असू दे. पोत्यातलं गहू आण.'

दोघी बसलो. परातीत गहू, मधे उन्हाचा चौकोन. त्यांना खडा दिसत नाही, पण बोटांना कळतो. माझ्यापेक्षा भराभर निवडत होत्या. मी दोनदा उठले, त्यांनी दोनदा पदर धरून खाली बसवलं. 'हातातली मूठ संपव, मग ऊठ.' असं मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, आणि चमत्कार बघा, मी बसले!

एक वाजता श्रीपाल जेवायला आले. बॅगा दारात, चूल थंड, आणि आम्ही दोघी गव्हात.

'हे काय? पीठ झालतं न्हवं?' आवाज चढलाच. 'निशा, पुन्हा काय घोळ घातलास? उद्या पहाटे गाडी हाय! मी संकेश्वरच्या आक्काला सांगत हुतो—'

मी तोंड उघडलं. कबूल करायला. खरंच, करणार होते.

सासूबाईंनी मान वर केली नाही. 'माझ्या हातनं सांडलं,' म्हणाल्या. 'म्हातारी झाले. डबा सुटला.'

श्रीपाल मऊच झाले. 'लागलं न्हवं कुठं?' आणि हात धुवून आमच्यातच येऊन बसले निवडायला.

पंधरा तारखेचा भरलेला डबा त्यांच्या पाठीमागंच कट्ट्यावर होता! सासूबाईंनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी उठले, डबा आत नेला, आणि आत उभी राहून दातांत पदर धरला.

चारला दळून झालं. दोन दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

२६ डिसेंबर, शुक्रवार. रेल्वेत

गाडी मिळाली. वेळेत!

उजाडल्यावर मी डबे उघडले. पोरांना पोळ्या, सासूबाईंपुढं केळी आणि भाजलेले दाणे ठेवले. त्यांनी ते श्रेयांसकडं सरकवले. आज उपवास म्हणाल्या. पाण्याशिवाय काही नाही.

श्रीपाल चक्रावले. 'आज अष्टमी न्हाय, चतुर्दशी न्हाय. कसला उपवास, आई?'

खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, 'कालच्या बोलण्याचा हाय.'