चारशे सदतीसबद्दल लिहून ठेवतो की

मी, रामनाथ काशीराम किणी, वय वर्षे ७४, सेवानिवृत्त क्रीडाशिक्षक, राहणार होळी, वसई, जिल्हा पालघर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. स्मरणशक्ती शाबूत आहे. गुडघे सोडल्यास प्रकृतीही बरी आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, पत्नी सौ. रंभा शेजारी वाल सोलत बसली आहे आणि मधूनमधून बोलते आहे, त्याला दबाव म्हणू नये. यापूर्वीचे मृत्युपत्र मी कॅलेंडरच्या मागे लिहिले होते. ते तिने रद्दीत घातले, म्हणून ते रद्द समजावे.

१. राहते घर व मागची वाडी माझ्या पश्चात रंभाची आणि तिच्या पश्चात आमची एकुलती मुलगी संपदा हिची. संपदा चंदनसारला फ्लॅटमध्ये राहते. वाडी ठेवायची की विकायची हे तिने ठरवावे, मला स्वप्नात येऊन काही सांगायचे नाही.

२. पाण्याचा पंप शेजारी प्लासिड डाबरे यास देतो. तो २०११ पासून त्याच्याकडेच आहे. निदान कागदोपत्री तरी मी दिला असे व्हावे.

३. माझी पितळी शिट्टी श्री. श्रीरंग केळुसकर यांस द्यायची होती. त्याचे कारण सांगणे भाग आहे.

श्रीरंग आमच्या शाळेत गणित शिकवायचा. मूळचा देवगडकडचा, बोलणे तिखट. जानेवारी १९९८ मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या कवायतीसाठी माझ्याकडे २२१ मुले आली. सगळ्या रांगा सारख्या होईनात. शिक्षकांच्या खोलीत मी तसे म्हटले, तर वहीतून मान वर न काढता तो म्हणाला, "किणी, दोनशे एकवीस मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः, बाकी कशानेच भाग जात नाही. एकाच रांगेत उभी करा. शेवटचं पोर समुद्रात उभं राहील."

सगळे हसले. मी मॅट्रिकला गणितात दोनदा नापास झालेलो. हे त्याला माहीत होते, आणि त्याला माहीत आहे हे मला माहीत होते.

घरी येऊन रंभाला सांगितले. ती म्हणाली, "त्यानं पोरं उभी करून बघितली काय? नाय ना? मग तुमी बघा."

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी दोन-दोनच्या रांगा केल्या. एक मूल उरले. तीन-तीनच्या केल्या, दोन उरली. मग चार, पाच, असा वर चढत गेलो. दोन, चार, पाच, दहा आणि अकरा, या पाचही वेळा जी एकटी उरली ती पाचवीतली सगळ्यात बुटकी मुलगी, मर्लिन तुस्कानो. अकराला ती म्हणाली, "सर, मी घरी जाऊ का?" बाराला पाच उरली. तेरा-तेराच्या रांगा लावल्या, आणि उरायला कोणीच नाही. बरोबर सतरा रांगा. दोनदा मोजल्या. मग शिट्टी अशी फुंकली की मुख्याध्यापिका बाई व्हरांड्यात धावत आल्या, मागून श्रीरंग आला. त्याने बोटाने रांगा मोजल्या आणि बोट तसेच वर राहिले.

मी रुबाबात हुकूम दिला, "दहिने मूड!" मुले जागच्या जागी वळली, आणि तेराच्या सतरा रांगा होत्या त्या सतराच्या तेरा झाल्या. तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. रांगेतली मुले रांगांपेक्षा जास्त झाली की पुढे शोधूच नये. पुढे जे सापडेल ते आधीचेच, फक्त वळलेले. आणि दोनला मूल उरले तर चार, सहा, आठ, दहा करत पोरांना उन्हात छळायची गरजच नव्हती. तिथपर्यंत कुठेच जमले नाही तर संख्या मूळ, जमले तर संयुक्त. हे मी श्रीरंगला सांगितले.

त्याने बोट खाली घेतले. "हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मुलं वळली."

त्या दुपारी त्याने स्वतःच्या डब्यातली आंबोळी मला दिली, आणि तेव्हापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करतो.

४. आता माझी चूक. त्या दिवसापासून मी फार चढलो. बसचा नंबर, परीक्षेचा बैठक क्रमांक, काहीही दिसले की मूळ की संयुक्त हे न विचारता सांगू लागलो. जुलैत श्रीरंग रजेवर होता, म्हणून सहावीचा गणिताचा तास मी घेतला. फळ्यावर ४३७ लिहिले, सतरापर्यंत भागून पाहिले आणि जाहीर केले, "मूळ!" सतराच का? तर आमच्या मैदानात हात पसरून एका रांगेत सतराहून जास्त मुले मावत नसत.

मर्लिन उठली. "सर, सतराच्या पंचवीस रांगा होऊन वर बारा उरतात. रांगा अजून जास्त आहेत. एकोणीस बघायचे राहिले."

माझाच नियम ती मला सांगत होती. मी म्हणालो, "मैदानाला तीन फेऱ्या मार." मैदानात चिखल होता. ती गेली. ती तिसऱ्या फेरीत असताना मी एकोणीसने भागले. तेवीस आले, बाकी शून्य. मी फळा पुसला. ती परत आल्यावर म्हणालो, "बस खाली." एवढेच.

मर्लिन आज त्याच शाळेत गणित शिकवते. या कलमात तिची माफी मागून मी तिला निवृत्तीच्या वेळी मिळालेले भिंतीवरचे घड्याळ दिले होते. कच्चा मसुदा वाचून श्रीरंग म्हणाला, "मेल्यावर माफी? म्हणजे ती काय बोलते ते ऐकायला तू नाहीस. सोय चांगली केलीस."

रंभा म्हणाली, "चपला घाला."

मागच्या सोमवारी शाळा सुटताना मी फाटकापाशी गेलो आणि मर्लिनला सगळे सांगितले. ती म्हणेल, "जाऊ द्या सर," असे मला वाटले होते.

ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. मी आले तर फळा कोरा. बरोबर असता तर तुम्ही दिवसभर पुसू दिला नसता. फेऱ्यांचं मला काही वाटलं नाही, सर. पण वर्गातल्या बाकीच्यांना अजून वाटत असेल की चारशे सदतीस मूळ आहे."

हे मला अठ्ठावीस वर्षांत सुचले नव्हते. "मग आता काय करू?" मी विचारले.

तिने मला वर्गात नेले, हातात खडू दिला. मी लिहिले: ४३७ = १९ × २३. संयुक्त. चूक माझी. रा. का. किणी. अक्षर बरे आले. तिने फोटो काढून त्यांच्या बॅचच्या ग्रुपवर टाकला. आम्ही पायऱ्या उतरेपर्यंत कळंबहून त्याच वर्गातल्या कल्पेशचे उत्तर आले. त्याची तिथे किनाऱ्यावर पाहुण्यांसाठी कॉटेज आहेत. "सर, मी चारशे सदतीस तीनदा लिहून वायफायचा पासवर्ड ठेवलाय! म्हटलं मूळ आहे, कोणी फोडणार नाही." मर्लिन भिंतीला टेकून हसली, इतकी की डोळे पुसावे लागले. मीही पुसले, पण मी हसत नव्हतो.

सबब या कलमातील माफी रद्द. ती मागून झाली आहे.

५. वकीलबाईंचे म्हणणे असे की, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये. मी दोघांना विचारले, वस्तू हवी की सही? श्रीरंग म्हणाला, "शिट्टी मारून माझं कोण ऐकणार? सही करतो." मर्लिन म्हणाली, "ते घड्याळ मागे पडतं, सर." म्हणून शिट्टी व घड्याळ दोन्ही संपदाला. तिला अजून विचारलेले नाही.

६. माझ्या पश्चात शोकसभा घेऊ नये. घेतलीच तर श्रीरंगला बोलू देऊ नये.

ठिकाण: होळी, वसई
दिनांक: २२ फेब्रुवारी २०२६
सही: रामनाथ काशीराम किणी

साक्षीदार १: मर्लिन तुस्कानो, शिक्षिका, वसई. सरांनी माझ्यासमोर सही केली. सर्व भागाकार करून पाहिले, बरोबर आहेत.

साक्षीदार २: श्रीरंग केळुसकर, चंदनसार, विरार पूर्व. माझ्याही समोर सही केली. सही झाल्यावर किणीने पेनाला टोपण लावले आणि विचारले, "आता लगेच मरायला नको ना?" मी नको म्हणालो. रंभावहिनींनी चहा आणला, तो आम्ही चौघांनी घेतला.