रुसणाऱ्या पेटीचा भाव

३ जानेवारी, शुक्रवार

किलोनं! मारोतरावाच्या पिनबॉलला भंगारवाला किलोनं भाव सांगून राहिला होता. काटासुद्धा घेऊनच आला बेटा. रेणुकाबाईंच्या अंगणातून त्याला हाकललं तेव्हा माझा आवाज हायवेपर्यंत गेला असेल. गेला तर गेला!

मारोतराव माझा दोस्त, रेणुकाबाईंचा नवरा. मंचेरियलला साहेब लोकांचा एक क्लब मोडला, तेव्हा हर्राशीत बोली लावून ही पेटी त्यानं उचलली. तिरपं टेबल, वर काच, आत लोखंडी गोळी. दोन बाजूंची बटणं दाबून गोळी वर फटकारायची, खाली पडू द्यायची नाही — एवढाच खेळ. पण जत्रेत तिच्यापुढे रांग लागायची. मारोतराव वारला तेव्हापासून ती कापसाच्या पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी ताडपत्रीखाली उभी आहे.

आता बाईंना ती विकून माझी पिठाची गिरणी घ्यायची आहे. माझ्यानं आता होत नाही, गुडघे बोलतात. गिरणीचे सत्तर हजार सांगितले मी. बाई म्हणाल्या, "पोराच्या दारी नाही जात मी, भाऊजी. गिरणी चालवीन आन् आपल्या घरी राहीन. पेटीचा भाव तुमीच लावा. तुमी सांगसान तो खरा."

म्हणजे आता माझ्या मानेवर जू.

५ जानेवारी

बाईंच्या पोराचा, पंकजचा, हैदराबादहून फोन. "काका, मोबाइलवर पाह्यलं मी, अमेरिकेत चार लाखाले जाते!" मग ने अमेरिकेत! डोक्यावर घे आणि चालत सूट! इकडे आई एकटी, तिच्याकडे बघायची त्याला सवड नाही, आणि भाव मात्र साता समुद्रापलीकडचा. एकजण किलोनं सांगतो, एकजण लाखानं. मधलं कोणी बोलायलाच तयार नाही.

८ जानेवारी

राजकुमार नावाचा व्यापारी येऊन गेला. जुन्या मशिनी घेतो, दुरुस्त करतो, शहरातल्या हॉटेलांना विकतो. बाईंनी पाणी दिलं, चहा दिला, आणि कोणी न विचारता सांगून मोकळ्या — "एक खोड हाये तिले. कोणी जोरात हलवली का रुसते. बटनं चालत नाही, गोळी आपली खाली." खरंच आहे ते. जत्रेत पोरं ओरडायचीच, "रुसली रे, रुसली!"

"अच्छा, रूठती है?" एवढंच म्हणाला तो. मान हलवली. पन्नास हजार बोलला आणि गेला.

मी बाईंवर उखडलो. गिऱ्हाइकापुढे इतकं खरं काऊन बोलता?

"मंग लपवू काय? ती ज्याच्या घरी जाईल त्याच्या घरी रुसणारच ना!"



९ जानेवारी

दिवसभर पेटीसमोर स्टूल टाकून बसलो. चालू मशीन हैदराबादेत सव्वा लाखाला जाते, हे राजकुमारच्याच तोंडून काढून घेतलं होतं. ही चालू नाही, अर्धी चालू आहे. रबरं वाळून कडक झाली. दोन कॉइल जळालेल्या. काच तडकलेली. मागच्या फळीवर रंगवलेली बाई उंदरांनी गुडघ्यापर्यंत खाल्ली. हे सगळं नीट करणं, गाडीभाडं, शिवाय त्याचाही नफा — त्यानं काय फुकट राबावं? — पंचेचाळीस. राहिले ऐंशी. रुसण्याची खोड, तिचे पंधरा कापले. पासष्ट.

पासष्ट! गिरणीला पाच कमी. वाढवून सांगता आले असते. पण मग तो भाव कसला, ती भीक.

लक्ष्मीबाई — आमच्या घरच्या — चुलीपासून बोलल्या, "अवो, मंग गिरणीतलेच पाच सोडा ना!"

गिरणीचा इथे काय संबंध? हिला वरणात ताक आणि ताकात वरण कालवायची सवय! रागानं जेवलो नाही. मग जेवलो.

१२ जानेवारी

सापडली खोड! पेटीची पुढची झडप काढून आत डोकं घातलं. तारेला ओळंबा लोंबकळतो आहे! गवंड्याचा असतो तसा, लहान. भोवती पितळी कडं. पेटी हलली की ओळंबा कड्याला टेकतो, आणि तेवढ्यात बाईसाहेब रुसतात. जत्रेतली जमीन उंचसखल. टेबल सरळ बसवायला मारोतरावानं टांगला असेल आणि काढायचा विसरला. इतकी वर्षं! अरे माझ्या वेड्या दोस्ता!

काढून टाकला. मग पेटी दोन्ही हातांनी गदगदा हलवली. रुसली नाही! रेणुकाबाईंनी टाळ्या वाजवल्या. खोड गेली, पंधरा परत आले. ऐंशी! राजकुमारला फोन केला — खोड गेली, तिचे पंधरा वाढले, ऐंशी झाले, ये आता.

१४ जानेवारी

संक्रांत. घरच्यांनी तिळगूळ हातावर ठेवला, गोड बोला म्हणे. कोणाशी? राजकुमार आज येतो म्हणाला होता, आला नाही.

१५ जानेवारी

आज उगवला एकदाचा.

राजकुमारनं झडप काढली, आत बॅटरी मारली. "चाचा, इसका टिल्ट कहाँ गया?"

"कौनसा टिल्ट?"

"वो लटकन."

ओळंबा माझ्या खिशातच होता. मोठ्या तोऱ्यात काढून दाखवला. तो हसायलाच लागला. म्हणे, हे प्रत्येक मशीनमध्ये असतं, कारखान्यातूनच येतं. लोक टेबल उचलून, हलवून गोळी पाहिजे तिकडे वळवतात. ती लबाडी पकडायला हा ओळंबा. लबाडी झाली की खेळ बंद.

म्हणजे मारोतराव काही विसरला नव्हता. विसरला म्हणणारा मीच शहाणा. कान तापले माझे. आणि मग डोक्यात दुसरंच पेटलं.

"बाई खोड बोली, तब तुमको मालूम था?"

"था ना, चाचा."

"तो बोला काऊन नहीं?"

"माल उनका, ऐब उन्होंने खुद बताया. मैं क्यूँ बात काटूँ?"

हसतच! वर म्हणतो, आता तुम्ही तेही काढून ठेवलं, मशीन अधुरी झाली, पंधरा कमीच राहतील. खोड आहे म्हणून पंधरा कमी, खोड नाही म्हणून पंधरा कमी! मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. कागद जळेल.

रेणुकाबाई पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. हळूच म्हणाल्या, "म्हंजे माहीत असून बी लोक गप बसते काय, भाऊजी?"

"बसतात, बाई! चांगले चहा पीत बसतात! यापुढे कोणाच्या शब्दावर जायचं नाही. आपला माणूस आणायचा, उघडून दाखव म्हणायचं!"

त्याच्या देखत ओळंबा परत टांगला. पेटी हलवली. रुसली! इतका आनंद कधी झाला नव्हता.

१६ जानेवारी

अठ्ठ्याहत्तर हजाराला सौदा पटला. पैसे बाईंच्या हातात पडले, पेटी टेम्पोत गेली. दोन हजार बाईंनीच सोडले. "राहू द्या, लेकरावानी हाये." लेकरावानी! ते लेकरू बाईंना पंधरा हजाराला कापत होतं!

आता गिरणीचं करून टाकू म्हणालो. बाई म्हणाल्या, "येईन ना, भाऊजी."

१९ जानेवारी

सकाळी रेणुकाबाई आल्या. सोबत बाजारहत्नूरचा एक मिस्त्री, हातात पाना आणि बॅटरी. "गिरणीचा भाव लावाले आणलं ह्याले, भाऊजी."

गिरणीचे दगड नवेच आहेत, असं मी त्यांना दिवाळीत सांगितलं होतं.

मिस्त्री म्हणाला, "मामा, वरचा दगड उचला."

मी त्याला आधी चहा विचारला.