उस्तादांनी अंगावर घेतलं

बनारस, मंगळवार संध्याकाळ

बरं बाबा, तुमचंच खरं, माझ्या हाताला दम नाही. पण किती वेळा तेच ऐकवाल? आज जुन्या अँबॅसडरच्या गिअरबॉक्सवरून मीटरची केबल सोडवायची होती. तिचा नट बोटांनी फिरवायचा, मी पक्कड लावली. आटे गेले. तसा नट आता बाजारात मिळत नाही. वाटलं, नोकरी गेली. गॅरेजचा मालक ओरडला, "किसने तोड़ा?"

आमचे उस्ताद, म्हणजे मुख्य मिस्त्री, म्हणाले, "हमसे टूटा, भइया. नया बनवा देंगे."

मला एवढंच, "हाथ से खोला कर, मराठे."

का घेतलं अंगावर? चूक माझीच, बोटांनीच सुटला असता तो नट. लेथवाल्याचे पैसेही त्यांनीच दिले, माझा पगार कापला नाही. म्हणून उद्या घरी पूर्ण सहा हजार पाठवतोय.